ट्रायलमध्ये चांगला खेळाडू सुटू नये म्हणून

सिलेक्टरच्या जागेवरून फुटबॉल संघाची ट्रायल कशी दिसते ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मैदानावर साठ-सत्तर मुलं, अंगात नंबर टाकलेल्या बिब, म्हणजे शर्टावर घालायची बिनबाह्यांची जाकिटं. आमच्या हातात पॅड, पॅडवर तक्ता: नंबर, वेग, बॉलवरचा ताबा, खेळाची समज, शेरा. दीड-दोन तासांत यातली वीसेक मुलं निवडायची. डोळे आपोआप बॉलच्या मागे जातात आणि बॉलपाशी जो दिसेल त्याच्या नंबरापुढे काही ना काही लिहिलं जातं. शेवटी निवडीला बसतो तेव्हा काही नंबरांपुढचे रकाने गच्च भरलेले असतात आणि काहींपुढचे कोरे. कोऱ्या रकान्यातलं मूल वाईट खेळलं असं कुणीच म्हणत नाही. ते कुणाला आठवतच नाही.

मी बारा ते चौदा वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते आणि निवड समितीवरही बसते. या वयात जी चांगली मुलं सुटतात ती बहुतेक एकाच प्रकारची असतात. अंगाने लहान, उशिरा वाढणारी, आणि मैदानावर पुढे काय होणार ते इतरांच्या आधी ओळखणारी. त्यांचं सगळ्यात चांगलं काम बॉल पायाशी यायच्या आधी होऊन गेलेलं असतं, आणि तेव्हा आम्ही दुसरीकडे बघत असतो.

एका ट्रायलमधली ३१ नंबरची मुलगी सांगते. मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात उभी होती. बॉल उजव्या बाजूला असताना तिने एकदा मान वळवून मागे बघितलं, चार पावलं सरकून मोकळ्या जागेत आली, पुन्हा एकदा मागे बघितलं. बॉल तिच्याकडे आला तेव्हा ती आधीच अर्धी वळलेली होती. लांबच्या पायाने बॉल घेतला, एका स्पर्शात डाव्या बाजूच्या मोकळ्या मुलीला दिला. तीन सेकंदांचा खेळ. पुढच्याच मिनिटाला एका उंच मुलीने बॉल पुढे ढकलला, दोघींना पळण्यात मागे टाकलं आणि जोरात शॉट मारला. बॉल गोलपोस्टच्या बराच बाहेरून गेला. मैदानाभोवतीची सगळी डोकी तिकडे वळली. एका तक्त्यावर लगेच ‘वेगवान, आक्रमक’ असं लिहिलं गेलं. दोघीही चांगल्या होत्या. पण एकीचा चांगुलपणा पन्नास पावलांवरून दिसतो, दुसरीचा बघायला नजर तिच्यावरच ठेवावी लागते.

आधी जन्मतारीख आणि उंची बघा

आईबाबा मला विचारतात, कोणती ड्रिल करून घ्यायची? मी उलट विचारते, जन्म कोणत्या महिन्यातला?

फिफाच्या स्पर्धांमध्ये वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात. बाराव्या वर्षी हा फरक जवळजवळ एका वर्षाचा असतो, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले आणि १९८५ मध्ये दाखवलं, की वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते. फुटबॉलमध्येही तेच आहे. बेल्जियमने १९९७ मध्ये वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली, तर तिथल्या निवडींमधली गर्दीही ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुलांकडून जानेवारी-फेब्रुवारीच्या मुलांकडे सरकली. वेर्नर हेल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे मांडले. कागदावरची एक तारीख बदलली आणि गुणवान मुलांचे महिने बदलले, म्हणजे त्या निवडीत गुण किती आणि आधी जन्मल्याचा फायदा किती?

जन्मतारखेइतकीच शरीराची वाढ महत्त्वाची. मुलींची उंची साधारण १२व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची १४व्याच्या आसपास. पण हे सरासरीचं झालं. कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलांच्या गटात अंगाने अकरा वर्षांचा वाटणारा आणि अंगाने पंधरा वर्षांचा वाटणारा, दोघेही समोरासमोर खेळत असतात. तीस मीटर पळायला लावलं तर निकाल काय लागणार ते घड्याळ न लावताही सांगता येतं.

म्हणून घरी हे करा. एका भिंतीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करा. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, शक्यतो सकाळी, आणि तारीख लिहून. वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरच्या गतीने वाढणारं मूल एकदम आठ-नऊच्या गतीने वाढायला लागलं, तर त्या काळात त्याचा खेळ काही महिने बिघडल्यासारखा वाटतो. पाय लांब होतात, पण त्यांचा अंदाज जुनाच राहतो. साधे पास चुकतात, वळताना तोल जातो, टाचेत किंवा गुडघ्याखाली दुखतं. ‘आळशी झालाय’ असं म्हणू नका. दुखत असेल तर पळणं आणि उड्या कमी करा, बॉलचं हलकं काम चालू ठेवा, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. त्याच सुमारास ट्रायल आली तर मुलाला हे कारण आधी सांगून ठेवा, म्हणजे मैदानावर पाय ऐकेनासे झाले तरी ते घाबरणार नाही.

या फरकामुळे मागे राहिलेली मुलं कुठवर गेली ते मुलांना जरूर सांगा, पण ‘तूही तसाच होशील’ असं वचन देऊ नका. इंग्लंडच्या हॅरी केनला आर्सेनल क्लबच्या अकादमीने आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं. इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून धरतात आणि केनचा जन्म जुलैचा, म्हणजे तो आपल्या गटातला अगदी लहानांपैकी. क्रोएशियाच्या लुका मॉद्रिचला तिथल्या हायदुक स्प्लिट क्लबने किरकोळ अंगाचा म्हणून नाकारलं होतं. आंत्वान ग्रिझमनला उंचीमुळे फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी घेतलं नाही, शेवटी तो सीमेपलीकडे स्पेनच्या रेआल सोसिएदाद क्लबकडे गेला. २०१८ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल केनचे होते, ग्रिझमन जगज्जेता झाला आणि त्याच वर्षीचा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मॉद्रिचला मिळाला. या तिघांना नाकारणारे लोक फुटबॉल न कळणारे नव्हते. त्यांना समोर दिसलं ते शरीर, आणि त्या दिवशी त्या शरीराबद्दलचं त्यांचं मत बहुधा बरोबरही असेल.

तयारी: नवीन काही शिकवू नका

ट्रायलच्या आधीच्या दोन आठवड्यांत मुलं व्हिडिओ बघून नवीन युक्त्या शिकतात. पायाभोवती बॉल फिरवणं, टाचेने मागून बॉल काढणं. दडपणाखाली नवी युक्ती हमखास फसते. तेवढा वेळ दोनच गोष्टींना द्या: बॉल घेण्याआधी बघणं, आणि बॉल घेणं.

बघण्याचा सराव तिघांत होतो. मूल मध्ये, तुम्ही दहा पावलांवर समोर, तिसरा माणूस मुलाच्या पाठीमागे. तुम्ही पास द्यायला पाय मागे नेता त्याच क्षणी मागचा माणूस हाताची काही बोटं वर करतो. बॉल पायाशी यायच्या आत मुलाने मान वळवून बघायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दोन-तीन दिवसांत हे जमलं की अवघड करा. मागच्या माणसाने बोटांऐवजी डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं, आणि मुलाने त्याच्या उलट बाजूला वळत बॉल घ्यायचा. सुरुवातीला मुलं बघतात, पण बॉल निसटतो. निसटू द्या. रोज दहा-बारा मिनिटं पुरेत, त्याहून जास्त केलं तर मान नुसतीच वळते, डोळे काही टिपत नाहीत.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देट यांनी प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधल्या मिडफिल्डर्सचे जवळून घेतलेले व्हिडिओ तपासले. बॉल येण्याआधी जे खेळाडू जास्त वेळा आजूबाजूला बघत होते त्यांचे पास, खासकरून पुढच्या दिशेचे, जास्त अचूक जात होते. सर्वाधिक बघणाऱ्यांत इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड होता. आणि या कामाला उंची लागत नाही, ताकद लागत नाही, जन्ममहिना लागत नाही.

बॉल घेण्यासाठी भिंत पुरते. भिंतीकडे तोंड करून नको, भिंतीला खांदा करून उभं राहायचं. बॉल भिंतीवर मारायचा आणि परत आलेला बॉल भिंतीपासून लांबच्या पायाने, पुढे जाण्याच्या दिशेनेच थांबवायचा. दोन्ही बाजूंनी, दोन्ही पायांनी. लहान चणीच्या मुलाचा पहिला स्पर्श सैल पडला की मोठा मुलगा खांदा लावून बॉल नेतो. तो नीट पडला तर खांदा लावायला मोठा मुलगा पोचेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो.

फॉर्मवरची जागा

फॉर्ममध्ये ‘पोझिशन’ असा रकाना असतो आणि निम्मी मुलं तिथे ‘कुठेही’ असं लिहितात. नम्रपणा म्हणून लिहितात, पण मग त्यांना जिथे माणूस कमी पडतो तिथे टाकलं जातं, बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या बॅकला, म्हणजे बचावाच्या जागी, आणि अर्ध्या तासात त्यांच्याकडे चार वेळा बॉल येतो. दोन जागा लिहा, पसंतीच्या क्रमाने. तरीही भलत्याच जागी उभं केलं, तर तो खेळ मनापासून खेळायचा आणि मधल्या विश्रांतीत कोचपाशी जाऊन स्वतः सांगायचं, ‘सर, मी मिडफिल्डला खेळतो, पुढच्या मॅचमध्ये एकदा तिथे बघाल का?’ हे वाक्य घरी दोनदा म्हणून घ्या. बोलायला लाजणाऱ्या मुलांना ते खरोखर अवघड जातं. आईबाबांनी येऊन सांगणं आणि मुलाने सांगणं यात फार फरक पडतो. बारा वर्षांचं मूल समोर येऊन नीट विचारतं तेव्हा आम्ही नंबर लिहून घेतो, आणि पुढची काही मिनिटं नजर त्याच्यावर राहते.

गोलकीपर आणि सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध बचाव करणारा, यांची अडचण वेगळीच. चांगला बॅक योग्य जागी उभा असतो म्हणून त्याला टॅकल करावंच, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढावाच लागत नाही, आणि धावत येऊन घसरत टॅकल करणारा वाहवा मिळवतो, जरी तो मुळात चुकीच्या जागी असल्यामुळेच धावला असला तरी. अशा मुलांनी तोंड उघडायला हवं. ‘डावीकडे माणूस’, ‘लाइन वर’, ‘सोड, माझा’. आवाज आला की आम्ही बघतो.

मैदानावर

लवकर पोचा, अर्धा तास आधी. आधी आलेल्या मुलांबरोबर तीन-चार जणांत पास खेळायला लागायचं, त्यांची नावं विचारायची. मॅचमध्ये ‘ए निळ्या’ म्हणून हाक मारण्यापेक्षा नावाने हाक मारली तर पास मिळण्याची शक्यता जास्त, आणि अनोळखी संघाला बोलतं करणारं मूल शंभरात उठून दिसतं.

पहिले पाच मिनिटं साधं खेळायचं. जवळचा पास, नीट पास. सुरुवातीच्या दोन-तीन गोष्टी जमल्या की छातीतली धडधड कमी होते. आणि खरं सांगायचं तर आमच्या तक्त्यावरची पहिली नोंदही तेव्हाच होते आणि नंतर ती खोडायला आम्हीही नाखूष असतो.

मग येते ट्रायलची खरी गोची. ट्रायलच्या मॅचमध्ये कुणीच पास देत नाही. प्रत्येकाला स्वतः दिसायचं असतं. तिथे समजूतदार मूल पास देतं, आणि तो पास परत येतच नाही. पालक कुंपणापाशी वैतागतात, ‘तूही मार ना मग!’ मी सांगते, तसं करायला लावू नका. पाच जण घुसताहेत तिथे सहावा घुसला तर तो आणखीच हरवतो. त्याऐवजी पास दिल्यावर थांबायचं नाही. पास द्या आणि लगेच समोरच्या मोकळ्या जागेत पळा, हात वर करून, हाक मारून. दहापैकी सहा वेळा बॉल येणार नाही. जे चार वेळा येईल तेव्हा मूल गोलच्या तोंडाशी मोकळं असेल. आणि बॉल नाही आला तरी त्या पळण्याची नोंद होते, कारण पास देऊन उभं राहणाऱ्यांच्या गर्दीत पळणारं एकटंच दिसतं.

दुसरी गोष्ट, बॉल गेल्यावरचे तीन सेकंद. बॉल हातचा गेला की बहुतेक मुलं कमरेवर हात ठेवतात, नाहीतर रेफ्रीकडे बघतात, नाहीतर वडिलांकडे. त्या तीन सेकंदांत वळून बॉलच्या मागे जाणारं मूल, बॉल परत मिळो न मिळो, मी तर शेऱ्यात लिहितेच. हे शिकवता येतं: घरच्या सरावात प्रत्येक चुकलेल्या बॉलनंतर पाच पावलं जोरात पळायची सवय लावा.

आईबाबांसाठी एवढंच. बाजूच्या रेषेपासून लांब उभे राहा आणि सूचना देऊ नका. हाक मारलीत की मूल तुमच्याकडे बघतं, आणि जे मूल दर मिनिटाला कुंपणाकडे बघतं त्याची मान मैदानाकडे वळत नाही. परतताना खेळाबद्दल तुम्ही विषय काढू नका. त्याने काढला तर ऐका.

आमच्या बाजूच्या लोकांसाठी

हे वाचणाऱ्यांत कोच असतील तर थोडं तुमच्याशी. नेदरलँड्समध्ये एक साधा प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट्सना मुलांची मॅच दाखवून खेळाडूंचा क्रम लावायला सांगितला. कुणाच्या जन्मतारखा माहीत नसताना त्यांनी वयाने मोठ्या मुलांना झुकतं माप दिलं. जन्मतारखांची यादी हातात दिली तरीही दिलं. मग मुलांच्या शर्टांवरचे नंबरच वयाच्या क्रमाने घातले, आणि तो पक्षपात नाहीसा झाला. यादी हातात असून डोळे फसतात, पण प्रत्येक धावेबरोबर वय समोर दिसलं की फसत नाहीत. याला खर्च शून्य आहे. बिब वाटताना जन्मतारखेप्रमाणे वाटा, झालं.

अकरा-अकराची मॅच सगळ्यात शेवटी ठेवा. आधी चार-चार जणांच्या छोट्या मैदानावरच्या मॅच घ्या आणि संघ फिरवत राहा. तिथे कुणी लपत नाही, कुणी उपाशी राहत नाही. जमलं तर एक फेरी उंचीनुसार गट पाडून खेळवा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५ पासून अकादमीच्या मुलांचे काही सामने वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट करून घेतले आहेत. मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून मुलाची पुढची उंची अदमासे काढायची आणि आज ते तिच्या किती टक्क्यांवर आहे ते बघायचं. लवकर वाढलेल्या मुलांनाही याचा फायदा होतो: ताकदीने काम भागत नाही तेव्हा त्यांना डोकं वापरावं लागतं. आणि समितीतल्या एकाला बॉलकडे बघायला सक्त मनाई करा. त्याने पाच नंबर घ्यायचे आणि फक्त तेच बघायचे.

यादीत नाव नसेल तर

त्या दिवशी कुणाला फोन करू नका. तीन-चार दिवसांनी, शक्यतो मुलाला बरोबर घेऊन, कोचना भेटा. ‘का घेतलं नाही?’ असं विचारलंत तर ते बचावाच्या पवित्र्यात जातात आणि ‘स्पर्धा फार होती’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा, ‘पुढच्या ट्रायलपर्यंत याच्या खेळात कोणत्या दोन गोष्टी दिसायला हव्यात?’ उत्तर ‘उंची, ताकद’ असं आलं तर ते एका अर्थी चांगलंच उत्तर आहे, कारण ते आपोआप होणार आहे. ‘पहिला स्पर्श’, ‘डावा पाय’ असं आलं तर सरावाला विषय मिळाला. आणि उत्तर देताच आलं नाही, तर तुमचं मूल नीट बघितलं गेलं नव्हतं हे कळलं. मग पुढची विनंती करा: ‘याच्या क्लबची मॅच बघायला याल का?’ ओळखीच्या संघात, स्वतःच्या जागेवर खेळताना अशी मुलं निराळीच दिसतात.

यायला जमणार नसेल तर पूर्ण मॅचचा व्हिडिओ द्या. तीस सेकंदांचे गोलांचे तुकडे नकोत, ते सगळेच देतात. उंचावरून, गॅलरी असेल तर तिथून, कॅमेरा बॉलच्या मागे न फिरवता मूल आणि त्याच्याभोवतीची दहा-पंधरा पावलं चौकटीत राहतील असं शूट करा. त्यातच दिसतं, बॉल नसताना ते काय करतं.

आणि पुढच्या वर्षासाठी संघ निवडताना नावाला भुलू नका. मोठ्या संघाच्या बाकावर बसलेलं बारा वर्षांचं मूल वर्षभर पाणी पितं आणि टाळ्या वाजवतं. लहान संघात रोज खेळतं, चुकतं, पुन्हा खेळतं. नव्या कोचना भेटाल तेव्हा दोन गोष्टी थेट विचारा: प्रत्येक मुलाला निदान अर्धी मॅच मिळते का, आणि मुलांच्या जागा वर्षभरात बदलून बघता का? दोन्हींना ‘हो’ मिळालं तर त्यांच्या एखाद्या मॅचला जाऊन, संघातलं सगळ्यात लहान चणीचं मूल किती वेळ मैदानावर असतं तेवढं घड्याळ लावून बघून या.